सोंडे, भुंगे आणि काचेचा तंतू: धान्यातल्या किडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन दिशांनी येतात. पहिले स्वयंपाकघरातून, आणि ते बहुतेक श्रावणाच्या आसपास, सणाला म्हणून डबे उघडले की. दुसरे गोदाम सांभाळणाऱ्यांकडून. तिसरे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींकडून. त्यांना ऑप्टिकल फायबरने, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूने, धान्यात प्रकाश सोडून कीड शोधायची असते, आणि पोत्यात हात घालून धान्य कधी पाहिलेलं नसतं. तिघांची अडचण मात्र एकच असते: किडा दिसतो तेव्हा तो दाण्यातलं काम उरकून बाहेर आलेला असतो. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर लिहिली असेल तर त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. डबा घट्ट बंद होता, तरी तांदळात किडे आले कुठून?

तांदळाबरोबरच आले. सोंड्याची मादी दाण्याला सोंडेने बारीक भोक पाडते, त्यात एक अंडं घालते आणि वरून चिकट स्रावाचं बूच लावते. नुसत्या डोळ्यांना ते बूच दिसत नाही. अळी आतच जन्मते, दाण्याचा गर खाते, तिथेच कोष करते आणि पूर्ण किडा होऊन भोक पाडून बाहेर पडते. उबदार, दमट हवेत या सगळ्याला साधारण चार ते पाच आठवडे लागतात. म्हणजे महिन्यापूर्वी दुकानातून आणलेला, निवडून-पाखडून भरलेला तांदूळ स्वच्छ दिसला तरी आत काय चाललंय ते तुम्हाला कळणार नव्हतं. बंद डबा बाहेरच्या किड्याला अडवतो, आतल्याला नाही. एक मादी आयुष्यात तीनशेपर्यंत अंडी घालू शकते, त्यामुळे पहिल्या चार सोंड्यांकडे काणाडोळा केला की पुढच्या महिन्यात डबा काळा दिसतो.

२. सोंडे, टोके, भुंगे, पोरकिडे, जाळी… ही सगळी एकाच किड्याची नावं का?

नाही. आणि नावं गावोगाव बदलतात, म्हणून नावापेक्षा खूण बघा.

समोर लांब सोंड आणि पाठीवर चार तांबूस ठिपके असतील तर तो सोंडा. तांदूळ, गहू, ज्वारी, मका काहीही त्याला चालतं. सोंड नाही, अंग नळीसारखं गोल आणि डोकं खाली वाकून लपलेलं असेल तर तो दाणे पोखरणारा भुंगेरा, रायझोपर्था. हा खातो त्यापेक्षा पीठ जास्त पाडतो. गव्हाच्या पोत्याखाली पांढरी भुकटी साचली की पहिला संशय याच्यावर घ्यावा. चपटा, तांबूस, पिठात किंवा रव्यात पळणारा तो तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम. अख्ख्या, धड दाण्यापुढे त्याचं फारसं चालत नाही; दुसऱ्यांनी फोडलेल्यावर तो जगतो. रव्या-पोह्यांत, तांदळात गुठळ्या आणि जाळी झाली असेल तर ते पतंगाच्या अळीचं काम. आणि मूग, मटकी, चवळी, हरभरा यांतला गोलसर, मागून आखूड पंखांचा, तो कडधान्यातला भुंगा (प्रश्न ३ पाहा).

३. मूग, मटकीला भुंगा घरात लागतो की शेतातूनच येतो?

बऱ्याचदा शेतातून. शेंगा पिकत असतानाच मादी त्यांवर अंडी चिकटवते. मळणीनंतर कडधान्य घरी येतं तेव्हा अळ्या दाण्यात असतात. पुढच्या पिढ्या मात्र तुमच्या डब्यात वाढतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मूठभर मूग पांढऱ्या ताटलीत घ्या आणि साधं भिंग लावा. हिरव्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढा, चपटा, पांढरा ठिपका चिकटलेला दिसेल. नखाने खरवडला तरी सहज निघत नाही. दुधाळ पांढरा असेल तर अळी उबून ठिपक्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरली आहे आणि तिने मागे ढकललेला भुसा त्या टरफलात भरला आहे. काचेसारखा पारदर्शक असेल तर अंडं अजून उबलेलं नाही किंवा वाया गेलं आहे. दाणा थोडा फिरवला की कधी कधी दुसऱ्या बाजूला एक गोल, किंचित गडद वर्तुळ दिसतं. ती खिडकी. अळीने आतून सालीपर्यंत कुरतडून पातळ पापुद्रा तेवढा ठेवलेला असतो, पुढे भुंगा तोच ढकलून बाहेर येतो. माझ्या आईला हे वर्तुळ भिंगाशिवाय दिसायचं आणि ती त्या मुगाला ‘डोळा आलाय’ म्हणायची.

बाहेर आलेला भुंगा धान्य खात नाही. तो दहा-बारा दिवस जगतो आणि तेवढ्यात अंडी घालून मोकळा होतो.

४. डाळीला भुंगा लागत नाही म्हणतात. मग माझ्या तूरडाळीत किडे कसे?

म्हणणं बरंचसं खरं आहे. कडधान्यातल्या भुंग्याला अख्खा, सालीचा दाणा लागतो. साल काढून दोन दले केली की त्याची सोय जाते, म्हणून तूर भरडून डाळ करून ठेवण्याची पद्धत शहाणपणाची आहे. पण डाळीत चुरा असेल तर तांबडा भुंगेरा येतो, पतंगाची जाळी होते. तुमच्या डाळीत कोण आहे ते प्रश्न २ मधल्या खुणांवरून ठरवा. चाळणीने चुरा काढला तरी निम्मं काम होतं.

५. किडे पडलेलं धान्य खाल्लं तर चालतं का?

थोडे सोंडे असलेला तांदूळ पाखडून, धुऊन शिजवला तर विषबाधा होत नाही. सोंडा विषारी नाही. पोकळ दाणे पाण्यावर तरंगतात, ते ओतून द्या.

पिठाचं वेगळं. तांबड्या भुंगेऱ्याच्या अंगातून क्विनोन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांनी पिठाला उग्र वास येतो, जास्त झाली तर रंगही गुलाबीसर होतो. असं पीठ चाळून परत वापरू नका, टाकून द्या. खापरा भुंगेऱ्याच्या (प्रश्न १३) अळीची केसाळ कात धान्यात मिसळते, तीही पोटाला आणि त्वचेला त्रास देते. आणि किड्यापेक्षा बुरशीला घाबरावं. दमट मका, शेंगदाणे यांवर हिरवट-पिवळी बुरशी दिसली, कुबट वास आला, तर त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते शिजवून जात नाही.

६. धान्य पुरेसं वाळलं आहे हे घरी कसं ओळखायचं?

दाताखाली दाणा धरा. ‘कट्ट’ आवाज होऊन तुटला तर वाळला, दबला तर नाही. ही जुनी परीक्षा अजूनही चांगली आहे. मापात सांगायचं तर गहू, ज्वारी, तांदूळ यांत १२ टक्क्यांपर्यंत आणि कडधान्यात ९ ते १० टक्क्यांपर्यंत ओलावा असावा. ९ टक्क्यांच्या खाली बहुतेक किडींची वाढ खुंटते. खापऱ्याला हा नियम लागू नाही. तो अगदी कोरड्या धान्यातही जगतो (प्रश्न १३).

७. कडक उन्हात टाकलं की किडे मरतात ना?

बहुतेक वेळा मरत नाहीत, पळतात. गच्चीवर चादर पसरून गहू टाकला की सोंडे कडेने निघून जातात, आणि ते कठड्याच्या सावलीला बसून संध्याकाळची वाट बघतात. दाण्यातली अळी तर बहुधा जागची हलतही नाही. ऊन देण्याचा खरा फायदा ओलावा कमी होण्याचा.

मारायचेच असतील तर धान्याचं तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत गेलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये खाली काळं प्लॅस्टिक, वर बोटभर जाडीचा थर, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक आणि चारी कडा विटांनी दाबून, असं चार-पाच तास ठेवलं तर ते जमतं. बियाण्यावर मात्र हा प्रयोग नको, उगवण बिघडू शकते. आणि गरम धान्य लगेच डब्यात भरू नका. रात्री झाकणाला आतून पाणी सुटतं आणि वरचा थर दमट होतो, की पुन्हा पहिला अध्याय.

८. फ्रीजमध्ये ठेवलं तर?

खालच्या कप्प्यात किडी थंड पडतात, बाहेर काढल्या की पुन्हा कामाला लागतात. फ्रीजरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशाला, चार दिवसांत अंड्यापासून किड्यापर्यंत सगळं मरतं. मोठी पिशवी असेल तर मधला भाग थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून आठवडा द्या. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. रव्यासाठी एवढं करायची गरज नाही. आपल्याकडे भाजून ठेवतात तेच बरोबर आहे.

९. कडुनिंबाचा पाला, बिब्बे, राख, लवंगा, एरंडेल, बोरिक पावडर, पाऱ्याच्या टिकड्या. यातलं खरं काय चालतं?

सगळ्यांना एका ओळीत बसवता येत नाही.

तेल चालतं, पण कडधान्याला. किलोला पाच ते दहा मिलिलिटर एरंडेल किंवा शेंगदाणा तेल चोळलं की दाण्यावरच्या अंड्यांना हवा मिळत नाही आणि भुंग्याला अंडं चिकटवायलाही जमत नाही. भुंग्याचं अंडं बाहेर असतं म्हणून हे जमतं. सोंड्याचं अंडं दाण्याच्या आत बूच लावून ठेवलेलं असतं (प्रश्न १), तिथे तेल पोचत नाही. तांदळाला एरंडेल लावून फायदा न होण्याचं कारण हे.

राखही चालते, भरपूर घातली तर. कोरडी, चाळलेली राख दाण्यांमधल्या फटी भरते आणि किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडते. त्यामुळे तो सुकून मरतो. चिमूटभर राख म्हणजे नुसता शास्त्र म्हणून केल्यासारखं.

कडुनिंबाचा वाळलेला पाला, बिब्बे, लवंगा, तमालपत्र यांचा वास काही किड्यांना नकोसा असतो. बाहेरून येणारे थोडे कमी होतील. आत असलेल्यांना त्याचं सोयरसुतक नाही. ओला पाला तर मुळीच टाकू नका, त्याने डब्यात ओलावाच जातो.

बोरिक पावडर मी घालणार नाही. ‘तांदूळ धुतोच ना’ हे उत्तर तांदळापुरतं निदान समजण्यासारखं आहे. गहू आपण न धुता दळतो. पारा असलेल्या टिकड्या तर घरात नकोतच. धान्यातल्या चार किड्यांसाठी पारा स्वयंपाकघरात आणण्यात कुठलाच हिशेब बसत नाही.

१०. पूर्वी पेवात धान्य वर्षानुवर्षं टिकायचं. ते कसं, आणि हवाबंद पिशव्या म्हणजे तेच का?

तत्त्व तेच. पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा. तळाला आणि कडेला कडबा-पाला लावायचा, धान्य भरायचं आणि तोंड मातीने लिंपायचं. आतलं धान्य आणि किडे श्वास घेतात, प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडींचं चलनवलन थांबतं. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून तो जळतो का बघायचं, हा दंडक होता. तो न पाळल्याने माणसं दगावली आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. २००५ च्या पुराने त्यांतल्या पुष्कळ पेवांची वाट लागली. ‘पेव फुटलं’ हा शब्दप्रयोग मात्र टिकला, तो वापरणाऱ्यांनी पेव पाहिलेलं नसलं तरी.

तीन थरांच्या हवाबंद पिशव्या १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमधल्या चवळीसाठी तयार केल्या: आत दोन जाड प्लॅस्टिकच्या, बाहेर विणलेली. किडे गुदमरून मरतात असं आपण सहज म्हणतो. पण त्यातली गंमत अशी की अन्न पचवताना शरीरात तयार होणाऱ्या पाण्यावर हे किडे जगतात आणि त्याला प्राणवायू लागतो; तो तुटला की खाणं थांबतं आणि ते कोरडे पडून मरतात. दोन अटी आहेत. धान्य वाळलेलं हवं, नाहीतर आत कुबट वास धरतो. आणि रोज वाटीभर काढायला ही पिशवी उघडायची नाही.

११. घरच्या कोठीत सल्फासची गोळी टाकली तर?

नाही. ती गोळी अॅल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो कोठीतून घरात पसरतो. त्यावर उतारा नाही. एकाच खोलीत कोठी आणि झोपलेली माणसं, अशा घरांत मृत्यू झाले आहेत. रुमालात बांधून टाकली, अर्धीच टाकली, याने काही फरक पडत नाही. हे काम प्रशिक्षित माणसांनी, राहत्या घरापासून दूर, पूर्ण झाकबंद जागेत करायचं असतं. घरासाठी प्रश्न ७, ८ आणि १० मधले उपाय पुरे होतात.

१२. गोदामात रीतसर धुरी दिली, तरी महिन्याभरात परत किडे. औषध बनावट होतं का?

असेलही, पण आधी तीन गोष्टी बघा. थप्पीवरचं आच्छादन कडेला जमिनीशी नीट दाबलं होतं का? वाळूच्या पिशव्यांमध्ये हातभर फट राहिली तरी वायू रात्रीत निघून जातो. दुसरं, किती दिवस ठेवलं? किडा आणि अळी लवकर मरतात, अंडी आणि कोष जास्त तग धरतात. तीन दिवसांत आच्छादन काढलं तर मेलेले किडे दिसतात आणि आपण खूश होतो. वाचलेल्या अंड्यांतले किडे महिन्याभराने बाहेर येतात. तुमचा ‘महिना’ नेमका तोच दिसतोय. तिसरं, धुरीचा वायू, फॉस्फीन (प्रश्न ११), मागे काही ठेवून जात नाही. आच्छादन काढल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या जुन्या बारदानातून किडे आले तर त्यांना कुणी अडवणारं नसतं.

हे सगळं नीट असूनही किडे राहिले तर प्रतिकारशक्तीचा विचार करावा. १९७२-७३ मधल्या जागतिक पाहणीतच फॉस्फीनला न जुमानणाऱ्या किडी सापडल्या होत्या. आज रायझोपर्था आणि तांबडा भुंगेरा यांत ती चांगलीच दिसते. अर्धवट धुरी पुन्हा पुन्हा देणं हा ती वाढवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

१३. मुलीला परदेशी घरचा तांदूळ पाठवायचा आहे. विमानतळावर का काढून घेतात?

खापरा भुंगेऱ्यामुळे. याची केसाळ अळी भिंतीच्या फटीत, पोत्याच्या शिवणीत अंग आक्रसून वर्षानुवर्षं न खाता पडून राहते आणि धान्य आलं की जागी होते. ही कीड आपल्या भागात मुरलेली आहे. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया तिला शिरू द्यायला तयार नाहीत. त्यामुळे भारतातून प्रवासी सामानात तांदूळ नेणं या दोन्ही देशांत चालत नाही, आणि काही कडधान्यंही यादीत आहेत. तुमचा तांदूळ स्वच्छ आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. मेतकूट, भाजणी असं भाजून-दळून केलेलं काही पाठवायचं असेल तर त्या देशाची त्या वेळची यादी बघा.

१४. प्रयोगशाळेत धान्यातले किडे मुद्दाम वाढवतात, हे खरं का?

खरं आहे. ज्याची जाळी बघून आपण पोहे टाकून देतो तो तांदळावरचा पतंग, कॉर्सिरा, भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर ट्रेमध्ये वाढवतात. त्याची अंडी कागदावर चिकटवतात, त्यांतला जीव वाढू नये म्हणून थोडा वेळ अतिनील दिव्याखाली धरतात आणि मग ट्रायकोग्रामा नावाच्या गांधीलमाशीच्या सूक्ष्म जातभाईला त्यांत अंडी घालू देतात. हे झालं ट्रायकोकार्ड. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात. उसातल्या खोडकिडीसाठी शेतकरी हीच कार्डं पानाला टाचतात.

१५. गोदामात निळसर अतिनील दिवा लावला तर किडे संपतील का?

संपणार नाहीत, पण खबर मिळेल. रायझोपर्था अशा दिव्याकडे मोठ्या संख्येने येतो. कोइम्बतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने असा सापळा गोदामासाठी तयार केला आहे. सगळ्या किडी सारख्या आकर्षित होत नाहीत, आणि दाण्यातल्या अळीला दिव्याचा पत्ताच नसतो. रोज सकाळी सापळ्यातले किडे मोजून वहीत लिहिले, तर आकडा चढायला लागला की तुम्हाला पंधरवडा आधी कळतं. दिव्याकडे टक लावून बघू नका, डोळे चुरचुरतात.

त्याच विद्यापीठाची भोकांची नळी मला याहून आवडते. ती पोत्यात किंवा कोठीत उभी खुपसायची. किडे हवेच्या ओढीने भोकातून आत शिरतात आणि तळाच्या भांड्यात पडतात. वीज लागत नाही.

१६. प्रकाशाने दाण्याच्या आतली अळी कशी ओळखतात?

लाल रंगाच्या पलीकडचा, साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटरचा प्रकाश दाण्यात थोडा आत शिरतो आणि विखरून परत येतो. येताना पाणी, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, स्टार्च यांनी आपापल्या जागचा प्रकाश गिळलेला असतो. परत आलेल्या प्रकाशाचा आलेख काढला की त्या जागी खड्डे दिसतात; पाण्याचे ठळक खड्डे १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास पडतात. स्टार्चच्या जागी ओली, प्रथिनयुक्त अळी बसली की आलेख किंचित बदलतो. हा बदल एका दाण्याचा दुसऱ्या दाण्याशी असलेल्या फरकाएवढाच असतो, म्हणून आधी शेकडो निरोगी आणि किडके दाणे मोजून संगणकाला शिकवावं लागतं.

मोठी अळी आणि कोष ओळखता येतात. अंडं आणि नुकती जन्मलेली अळी निसटते. आणि एकेक दाणा मोजला तरच. ढीग मोजला तर हजारातला एक किडका दाणा बाकीच्यांत बुडून जातो.

१७. मग फायबर कशाला? दिवा आणि सेन्सर सरळ दाण्यासमोर ठेवले तर?

टेबलावर एक दाणा असेल तर खुशाल ठेवा. पोत्याच्या मध्यावर, धुळीत, धुरी देण्याच्या जागी महागडा स्पेक्ट्रोमीटर (हा आलेख काढणारं यंत्र) नेता येत नाही, म्हणून तो बाहेर ठेवून काचेचा तंतू आत नेतात. धान्यात खुपसायच्या नेहमीच्या सळईत, म्हणजे प्रोबमध्ये, सात तंतू असतात: कडेचे सहा प्रकाश नेतात, मधला एक परत आणतो. नरिंदरसिंग कपानी आणि हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये तंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेऊन दाखवली, त्याच घराण्यातली ही जुडी.

नुसते किडे मोजायचे असतील तर हे सगळं नको. प्रश्न १५ मधल्या नळीच्या तळाशी एक इन्फ्रारेड एलईडी आणि समोर सेन्सर बसवा. पडणारा किडा किरण तोडतो, आकडा एकाने वाढतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हे पुरेसं आहे, आणि गोदामवाल्याच्या खरंच उपयोगी पडतं.

१८. हॅलोजन बल्ब, महाग भिंग, सगळं आणलं. फायबरच्या दुसऱ्या टोकाला प्रकाशच येत नाही. काय चुकतंय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. बहुतेकांच्या डोक्यात नरसाळं असतं: मोठ्या तोंडातून ओता, बारीक तोंडातून निघेल. तेल असं वागतं, प्रकाश वागत नाही. प्रकाशाचा ठिपका लहान केला की किरणांचा कोन तेवढाच रुंदावतो, आणि फायबर ठरावीक कोनातलेच किरण आत घेतो. नेहमीच्या ०.२२ छिद्रांकाच्या (किती तिरपे किरण आत घेता येतात त्याचं माप) सिलिका, म्हणजे काचेच्या, फायबरला अक्षापासून सुमारे १२.७ अंशांपर्यंतचे किरण चालतात. त्याहून तिरपे किरण आत शिरल्यासारखे वाटतात आणि आवरणातून निसटतात. हॅलोजनची तार काही मिलिमीटर, फायबरचा गाभा, म्हणजे प्रकाश वाहणारा मधला भाग, २०० मायक्रोमीटर. ती तार त्या गाभ्यात मावेल असं भिंग कुणीही बनवू शकत नाही.

मग हातात काय उरतं? जाड गाभा घ्या. २०० ऐवजी ६०० मायक्रोमीटर घेतला तर क्षेत्रफळ नऊपट होतं. फार मोठं, फार जवळचं भिंग लावून कोन वाया घालवू नका. फायबरच्या कोनाशी जुळेल एवढंच भिंग लावा. एलईडी वापरत असाल तर भिंग काढून फायबरचं टोक थेट चिपला भिडवून बघा, अनेकदा त्यातच जास्त प्रकाश मिळतो. टोक सपाट कापलेलं, घोटलेलं हवं. काच आणि हवेच्या प्रत्येक सीमेवर ४ टक्क्यांच्या आतबाहेर प्रकाश परततो, तो धरून चाला. टोकाला तडा असेल तर मात्र निम्मा जातो. टोक दुसऱ्या बाजूने उजेडाकडे धरून भिंगातून बघा: गाभा पौर्णिमेच्या चंद्रासारखा भरलेला दिसला पाहिजे, चंद्रकोर दिसली तर पुन्हा कापा.

अदृश्य इन्फ्रारेड लेझर जोडलेला असताना हे बघणं करू नका. दिसत नाही म्हणून डोळा मिटतही नाही.

१९. शोभेच्या दिव्यातला प्लॅस्टिकचा फायबर चालेल का?

किरण तुटला की मोजणे, हिरवा-लाल रंग बघणे, एवढ्यासाठी छान चालतो. गाभा १ मिलिमीटरचा, कोन मोठा, एलईडी सहज जोडला जातो. प्रश्न १६ मधल्या कामाला नाही. ९०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश तो प्लॅस्टिकमध्येच गिळतो. सिलिका घेतानाही विचारून घ्या. काच घडवताना तिच्यात ओएच (पाण्यातून आलेली हायड्रोजन-ऑक्सिजनची जोडी) राहिलेलं असेल तर ती १३८३ नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच खड्डा पाडते. ‘लो-ओएच’ मागा. नाहीतर दाण्यातलं पाणी मोजायला जाल आणि काचेतलं मोजून याल.

२०. फायबरचा प्रोब सकाळी ओलावा ११ टक्के दाखवतो, दुपारी तोच गहू १४. गहू भिजला का?

गहू बहुधा तसाच आहे. दिवा लावून अर्धा तास झाला होता का? तुलनेसाठी ठेवलेल्या पांढऱ्या संदर्भ चकतीवर पुन्हा मोजलं का? फायबर सकाळी सरळ होता आणि दुपारी खुर्चीच्या पायाखाली वाकला आहे का? धान्याचं तापमान बदललं तरी पाण्याचा खड्डा सरकतो.

आणि टोक पुसा. एकदा मी संध्याकाळपर्यंत एका पोत्याला दमट ठरवून बाजूला काढायला लावलं, हमालांनी ते चार वेळा इकडून तिकडे केलं. मग प्रोब बाहेर काढला तर टोकावर पिठाचा बारीक पापुद्रा बसलेला. त्या पोत्यात रायझोपर्था होता, भुकटी त्याचीच. म्हणजे ओलाव्याचा आकडा चुकीचा, पण पोतं बाजूला काढलं ते बरंच झालं. हमाल मात्र अजून चहाला गेलो की विचारतात, ‘साहेब, आज कोणतं पोतं भिजलंय?’

२१. यंत्राने शून्य दाखवलं, दोन आठवड्यांत पोत्यात सोंडे. यंत्र खोटं का?

आधी मोजणी करू. गव्हाचे हजार दाणे साधारण ४० ग्रॅम भरतात, म्हणजे किलोत २५,००० आणि ५० किलोच्या पोत्यात साडेबारा लाख. समजा हजारात एक दाणा किडका आहे. पोत्यात साडेबाराशे अळ्या झाल्या. तुम्ही २०० दाणे तपासले, तर शंभरापैकी ८२ वेळा एकही किडका दाणा हाती लागणार नाही. यंत्र खरं बोललं, नमुना तोकडा होता. ३,००० दाणे, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम, तपासले तर चुकण्याची शक्यता शंभरात पाचावर येते. तेही परखी (नमुना काढायची पोकळ सळई) पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाला अशी तिन्हीकडे खुपसली तर. कीड पोत्यात सगळीकडे सारखी नसते. आणि अंडी यंत्राला दिसत नाहीतच (प्रश्न १६).

म्हणून यंत्र असो-नसो, खरेदीच्या दिवशी प्रत्येक लॉटमधला पाव किलो नमुना काचेच्या बरणीत घाला, तोंडाला मलमलीचं फडकं बांधा आणि ऑफिसातल्या उबदार कोपऱ्यात पाच आठवडे ठेवा. आठवड्यातून एकदा पांढऱ्या कागदावर चाळा. जे आत होतं ते बाहेर येईल. बरणीवर तारीख आणि लॉटचा नंबर पेन्सिलने लिहा, शाईच्या पेनाने लिहिलेलं पावसाळ्यात पुसतं.